वीस वर्षांसाठी बांधलेला मनोरा



पॅरिसला जाऊन आलेले किती जण आहेत इथे? हात वर करा. सात-आठ. बरं, आता घरात आयफेल टॉवरचं कीचेन किंवा फ्रिजवर त्याचं मॅग्नेट असलेले किती? बघा, निम्मं सभागृह! म्हणजे टॉवर आपण पाहिलेला नसला तरी तो आपल्या घरी येऊन राहिलेला आहे.

मी सिव्हिल इंजिनिअर. एका सरकारी खात्यात एकतीस वर्षं पुलांवर काढली. नवे पूल बांधण्यात कमी, जुने लोखंडी पूल टिकवण्यात जास्त. काही वर्षांपूर्वी मुलाने आम्हा दोघांना पॅरिसला नेलं. लिफ्टला मोठी रांग होती, म्हणून मी दक्षिणेच्या पायातला जिना धरला. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत. जाता जाता लोखंड हाताच्या अंतरावर दिसतं. मी दर वळणावर थांबून रिव्हेटची डोकी बघत होतो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, इथेही इन्स्पेक्शन?"

तर आज त्या इन्स्पेक्शनचा अहवाल तुमच्यापुढे ठेवतो. टॉवर बांधला कसा, उजळला कसा आणि टिकवला कसा, या तीन गोष्टी. पहिल्या दोन सगळ्यांना ऐकायला आवडतात. तिसरीबद्दल सहसा कुणी विचारत नाही, आणि मला बोलायचंय ते मुख्यतः तिच्याबद्दल.

सुरुवात बांधकामापासून करू. १८८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीला शंभर वर्षं होत होती. त्यासाठी पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात ३०० मीटर उंचीचा मनोरा उभारायचा होता. नाव आयफेल यांचं लागलं, पण मूळ आराखडा त्यांच्या कंपनीतल्या दोन इंजिनिअरांचा, मोरिस केशलँ आणि एमिल नुगिए यांचा. १८८४ मध्ये त्यांनी तो काढला. स्तेफान सोव्हेस्त्र या वास्तुकाराने त्याला रूप दिलं. पायांमधल्या त्या मोठ्या कमानी त्याच्याच. गुस्ताव्ह आयफेल यांनी कल्पना उचलून धरली, हक्क घेतले, पैसा उभा केला आणि काम तडीला नेलं. कागदावरची कल्पना आणि उभी वास्तू यांच्यामध्ये असा एक माणूस लागतोच.

जानेवारी १८८७ मध्ये पाया खणायला सुरुवात झाली. सीन नदीकडच्या दोन पायांखाली पाणी लागत होतं. तिथे लोखंडी पेट्या जमिनीत उतरवल्या, दाबाची हवा भरून पाणी रोखलं आणि माणसं आत बसून खोदत राहिली. आपल्याकडे नदीत पुलाचे खांब उभारताना विहिरी उतरवतात, त्याच घराण्यातलं हे काम.

लोखंड घडीव होतं, पोलाद नव्हे. सुटे भाग १८,०३८. ते पॅरिसच्या कडेला लव्हाल्वा-पेरे इथल्या कारखान्यात तयार व्हायचे. छिद्रं आधीच पाडलेली, तीही मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत अचूक. जागेवर भाग जुळला नाही तर तिथे कानस मारत बसायचं नाही, तो भाग कारखान्यात परत. मचाणावर चढून केलेली दुरुस्ती महाग पडते आणि बहुतेक वेळा वाईट होते, हे मी अनुभवाने सांगतो.

जागेवर काम करणारी माणसं किती? दीडशे ते तीनशे. एवढ्याच. रिव्हेट मारायला चौघांची टोळी असायची. एक भट्टीत रिव्हेट लाल करणार, दुसरा ते छिद्रात बसवून धरून ठेवणार, तिसरा पलीकडच्या टोकाला डोकं घडवणार, चौथा घण घालणार. लाल रिव्हेट गार होताना आखडतं आणि दोन्ही प्लेटा एकमेकींवर आवळून धरतं. म्हणून ते बोल्टसारखं सहज ढिलं होत नाही. अशी २५ लाख रिव्हेटं आयफेल टॉवरमध्ये आहेत.

आता गंमत ऐका. टॉवरचे चारही पाय तिरके, आत झुकलेले. पहिल्या मजल्याच्या उंचीवर ते चौघं आडव्या तुळयांना बरोबर येऊन मिळायला हवेत. थोडा फरक पडला तरी छिद्रासमोर छिद्र येणार नाही. त्यासाठी पायांखाली पाण्याच्या दाबावर चालणारे जॅक ठेवले होते आणि वर मचाणावर वाळू भरलेल्या पेट्या. वाळू थोडी सोडली की तो भाग थोडा खाली येतो, जॅक दाबला की पाय वर उचलला जातो. डिसेंबर १८८७ मध्ये सगळं जुळलं. हजारो टनांचं ओझं कशाने जागेवर आणलं, तर वाळूने!

तेव्हाच्या मानाने अपघात फार कमी झाले. कठडे होते, आडोसे होते. तरी सप्टेंबर १८८८ मध्ये कामगारांनी संप केला. उंची वाढतेय, धोका वाढतोय, तर मजुरी वाढवा, ही मागणी. आयफेल यांचं म्हणणं असं की माणूस चाळीस मीटरवरून पडला काय आणि तीनशेवरून पडला काय, परिणाम एकच! तरी मजुरी थोडी वाढवावी लागली. हा संप लक्षात ठेवा, शेवटी आपण परत संपावरच येणार आहोत.

३१ मार्च १८८९ या दिवशी आयफेल स्वतः जिने चढून टोकाला गेले, कारण लिफ्ट अजून चालू नव्हत्या, आणि त्यांनी झेंडा फडकवला. सव्वादोन वर्षांत जगातली सर्वांत उंच वास्तू उभी राहिली. त्याच काळात आपल्याकडे हुगळी नदीवर जुबिली पूल झाला, फेब्रुवारी १८८७ मध्ये. तोही रिव्हेटांचा. त्यावरून २०१६ पर्यंत रेल्वे धावली. म्हणजे ही विद्या आपल्यालाही परकी नव्हती.

आता एक गोष्ट कीचेनवाल्यांना माहीत नसते. हा टॉवर वीस वर्षांसाठीच होता. खर्च झाला ७८ लाख फ्रँक आणि सरकारने दिले फक्त १५ लाख. बाकीचे आयफेल यांनी उभे करायचे आणि १८९० पासून वीस वर्षं तिकिटांतून वसूल करायचे. त्यानंतर टॉवर शहराचा. ठेवायचा की पाडायचा, ते शहर ठरवणार. आणि पाडा म्हणणारे कमी नव्हते. काम सुरू झालं तेव्हाच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, कलावंतांचं निषेधपत्र छापून आलं होतं. त्यावर ऑपेराचे वास्तुकार शार्ल गार्निए, कथाकार मोपासाँ आणि संगीतकार गुनो यांच्या सह्या होत्या.

आयफेल यांच्या लक्षात आलं की नुसत्या सुंदर दिसण्यावर टॉवर वाचणार नाही, तो कामाला लागला पाहिजे. त्यांनी वर हवामानाची उपकरणं बसवली, हवेच्या रोधाचे प्रयोग केले. १८९८ मध्ये टॉवरवरून चार किलोमीटरवरच्या पाँतेऑनपर्यंत बिनतारी संदेश गेला. पुढे ग्युस्ताव्ह फेरिए या लष्करी अधिकाऱ्याने तिथे बिनतारी केंद्र उभं केलं. उंच खांब सैन्याला हवाच होता. १९१० मध्ये मुदत आणखी ७० वर्षांनी वाढली. कमानींचं कौतुक पुष्कळ झालं, पण टॉवर वाचला तो अँटेनामुळे.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. १८८९ मध्ये टॉवरवर गॅसचे हजारो दिवे होते आणि टोकाला निळा, पांढरा, लाल असा झोत. १९०० च्या प्रदर्शनात वीज आली. १९२५ मध्ये सित्रोएन या मोटार कंपनीने टॉवरच भाड्याने घेतला म्हणा ना! फर्नांदो जाकोपोझी या कारागिराने अडीच लाख दिव्यांत कंपनीचं नाव टॉवरवर उभं लिहिलं. नऊ-दहा वर्षं ती जाहिरात पॅरिसवर झळकत होती.

आज फोटोत दिसतो तो सोनेरी प्रकाश मात्र अलीकडचा, ३१ डिसेंबर १९८५ चा. त्याआधी दूरवर मैदानात झोत ठेवून टॉवरवर बाहेरून प्रकाश टाकायचे. पिएर बिदो या प्रकाशयोजनाकाराने दिवे टॉवरच्या आत नेले आणि झोत खालून वर सोडले. सोडियमचे दिवे, साडेतीनशेच्या आसपास. बाहेरून प्रकाश टाकला की लोखंड सपाट दिसतं. आतून टाकला की एकेक कैची, एकेक जोड वेगळा दिसतो. अंधार पडू लागला की सेन्सरमुळे दिवे आपोआप लागतात. दर तासाला पाच मिनिटं जो चमचमाट होतो, तो ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री सुरू झाला आणि २००३ पासून कायमचा झाला. त्याचे २०,००० लुकलुकणारे दिवे बसवायला गिर्यारोहक लावले होते, दोरावर लटकून.

२०२२ मध्ये युरोपात ऊर्जेचं संकट आलं आणि शहराने टॉवरचे दिवे रात्री पावणेबारालाच बंद करायचं ठरवलं. आधी ते एकपर्यंत असायचे. जगभर बातमी झाली. पण टॉवरच्या वर्षभराच्या ऊर्जेपैकी रात्रीच्या रोषणाईचा वाटा सुमारे ४ टक्के. लिफ्ट, पंप, उपाहारगृहं, गरम-थंड करणारी यंत्रं यांना लागणारी बाकीची ऊर्जा कुणाच्या फोटोत येत नाही.

आता तिसरी गोष्ट, माझ्या धंद्यातली.

लोखंडाचे शत्रू दोन, पाणी आणि हवा. दोन्ही सगळीकडे आहेत, आणि मनोरा उघड्यावर उभा आहे. त्यांच्यामध्ये आडवा येतो तो फक्त रंग. आयफेल यांनी स्वतः लिहून ठेवलंय की धातूची वास्तू टिकवण्यात रंगकाम हीच मुख्य गोष्ट आहे. म्हणून साधारण दर सात वर्षांनी टॉवर रंगवायचा, असा शिरस्ता पडला.

रंगवायचं म्हणजे किती? अडीच लाख चौरस मीटर. रंग लागतो सुमारे ६० टन. टॉवरचं लोखंड आहे ७,३०० टन. म्हणजे शंभर किलो लोखंड एक किलोहूनही कमी रंगाच्या भरवशावर उभं आहे. आणि हे काम यंत्राने होत नाही. पन्नासेक रंगारी दोर बांधून, हातात ब्रश घेऊन रंगवतात. फवारा मारला तर रंग वाऱ्याबरोबर गावभर जाईल आणि सांध्यांत पोचणारही नाही. लोखंड ओलं किंवा फार थंड असेल तर थांबायचं. म्हणून एका फेरीला दीड वर्षापासून तीन वर्षांपर्यंत वेळ लागतो. रंगाच्या तीन छटा असतात, खाली गडद, वर फिकट, म्हणजे आकाशापुढे टॉवर एकसारखा दिसतो. सुरुवातीला तो लालसर होता बरं का! नंतर पिवळा झाला, पिवळट तपकिरी झाला, तपकिरी झाला.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. फार अभिमानाची नाही.

मी नोकरीत नवा होतो. नदीवरच्या एका लोखंडी पुलाच्या रंगकामावर देखरेख माझी. रंगाऱ्यांचे मुकादम साठीला आलेले, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. पहिल्या दिवशी मी वहीत लिहून घेतलं, "रंग उत्तम." नानांनी माझ्या हातात छोटी हातोडी दिली आणि म्हणाले, "साहेब, रंग बघू नका. आवाज ऐका." रिव्हेटच्या डोक्यावर एका बाजूने हातोडी मारायची आणि दुसऱ्या बाजूला बोट टेकवायचं. घट्ट असेल तर आवाज खणखणीत येतो. ढिलं असेल तर बद्द वाजतं आणि बोटाला हादरा कळतो.

पुढे तीन वर्षांनी मोठ्या साहेबांची पाहणी ठरली. हातात दिवस थोडे. जुना रंग खरवडायचा, गंज लोखंडापर्यंत घासून काढायचा, मग अस्तर, मग रंग, हा खरा क्रम. खरवडण्यातच सगळा वेळ जातो. मी ठरवलं, रस्त्याकडची बाजू वरवर घासून रंगवू, आतलं पुढच्या वर्षी बघू. नाना म्हणाले, "साहेब, गंजावर रंग म्हणजे जखमेवर नवा सदरा." मी ऐकलं नाही. पाहणी छान झाली. साहेबांनी पाठ थोपटली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्या रंगाला फोड आले. फोड फोडला तर खाली पापुद्रे. एका जोडप्लेटेची कड इतकी खाल्ली गेली होती की पुलावरची जड वाहतूक थांबवून ती बदलावी लागली. कुणाला इजा झाली नाही, हे माझं नशीब. नाना तोवर निवृत्त झाले होते. त्यांना सांगायला मी गेलोच नाही.

म्हणून पॅरिसच्या त्या जिन्यात मी रिव्हेटांकडे बघत होतो. रंगाच्या थरांनी त्यांच्या कडा बोथट झालेल्या दिसत होत्या. टॉवर १८८९ पासून १९ वेळा रंगवला गेला. बहुतेक वेळा सुटलेला रंग काढून त्यावर नवा थर. थरावर थर. विसावी फेरी २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा ठरलं की काही भागांतले जुने सगळे थर लोखंडापर्यंत काढायचे. कागदावर हाच निर्णय बरोबर. पण जुन्या थरांत शिसं होतं. आपल्याकडेही पुलांना शेंदरी अस्तर लावायचे, रेड लेड, तेही शिशाचंच. खरवडलं की त्याची धूळ होते आणि ती माणसाच्या फुप्फुसात जाते. फेब्रुवारी २०२१ मध्ये शिशाचं प्रमाण जास्त आढळल्याने काम थांबवावं लागलं. त्यातच कोविड. खर्च वाढला, वेळ वाढला, आणि २०२४ चं ऑलिम्पिक तोंडावर आलं.

जुने थर ठेवले तर गंज झाकला जातो. काढले तर रंगाऱ्याच्या जिवाशी गाठ. टॉवर बंद ठेवून सावकाश काम करावं तर तिकिटाचा पैसा बुडतो, आणि देखभाल चालते ती त्याच पैशावर. यातलं सोपं उत्तर मला विचाराल तर मला सापडलेलं नाही. महाग उत्तर मात्र आहे: रंगाऱ्याला पूर्ण संरक्षण द्या, लागेल तेवढा वेळ द्या आणि पैसा आधीच बाजूला काढून ठेवा.

१९ फेब्रुवारी २०२४ या दिवशी आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनी संप केला. टॉवर सहा दिवस बंद होता. हजारो पर्यटक दारातून परत गेले. वेतनाचे मुद्दे होतेच. पण त्यांचं मुख्य म्हणणं असं की किती प्रेक्षक येतील याचा अंदाज फुगवून धरलाय आणि देखभालीचा खर्च कमी धरलाय, अशाने टॉवर टिकणार नाही. तिकीट विकणारी, लिफ्ट चालवणारी माणसं लोखंडाच्या गंजासाठी संपावर जातात, हे मी एकतीस वर्षांच्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. १८८८ चा संप बांधणाऱ्यांचा होता, हा टिकवणाऱ्यांचा. शेवटी २०३१ पर्यंत ३८ कोटी युरो कामांवर आणि देखभालीवर खर्च करायचं ठरलं, आणि जूनमध्ये तिकीट सुमारे २० टक्क्यांनी वाढलं. पर्यटक कुरकुरले असतील. मी त्या रांगेत असतो तर मुकाट्याने दिले असते.

त्याच उन्हाळ्यात पॅरिसला ऑलिम्पिक झालं. तिथल्या प्रत्येक पदकात मध्यभागी एक षटकोनी लोखंडी तुकडा आहे, १८ ग्रॅमचा. तो आयफेल टॉवरच्या मूळ लोखंडाचा. पूर्वीच्या दुरुस्त्यांत काढलेले भाग जपून ठेवले होते, त्यातला. आपल्याकडे नेमबाजीत, कुस्तीत, हॉकीत, भालाफेकीत पदकं आली, कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने आणलं, तेव्हा त्याच्याबरोबर १८८९ चं लोखंड महाराष्ट्रात आलं. वीस वर्षांनी भंगारात जायची शक्यता होती, ते लोखंड.

भंगारावरून आठवलं. १९२५ मध्ये व्हिक्टर लस्टिग नावाच्या ठगाने वर्तमानपत्रात वाचलं की टॉवरची देखभाल शहराला जड जातेय. त्याने सरकारी अधिकारी असल्याचं सोंग घेऊन भंगारवाल्यांना बोलावलं आणि एकाला टॉवर विकलासुद्धा! आपण हसतो. पण तो व्यापारी फसला का? कारण देखभाल झेपत नाही म्हणून सरकार एवढी मोठी वास्तू मोडीत काढेल, हे त्याला अगदी खरं वाटलं. आपल्यालाही वाटलं असतं.

तुमच्या गावात लोखंडी पादचारी पूल असेल, पाण्याची टाकी असेल. तिथे एक फलक असतो. उद्घाटन कुणी केलं, कोणत्या तारखेला केलं, सगळं त्यावर असतं. शेवटची तपासणी कधी झाली, रंग कधी लागला, पुढचा कधी लागणार, हे नसतं. एकदा जाऊन विचारा. अर्ज करा. उत्तर देणाऱ्या इंजिनिअरला राग येईल, मला आला असता. पण मला कुणी तसं विचारलं असतं, तर कदाचित मी नानांचं ऐकलं असतं.

त्या रात्री आम्ही टॉवरसमोरच्या हिरवळीवर बसलो होतो. दहाच्या ठोक्याला तो चमचमला. सगळ्यांनी फोन वर केले, बायकोनेही केला. पाच मिनिटांनी ते थांबलं, लोक उठले. ती म्हणाली, "आता झालं ना समाधान? चला." मी म्हटलं, "उद्या सकाळी परत येऊ या. रंगारी सकाळी कामाला लागतात."